मॉडेल रेल्वेत इंजिनाचा वेग आपोआप कसा राखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान डीसीसी पद्धतीच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांना वीज आणि हुकूम दोन्ही रुळांतूनच पोहोचतात आणि ज्या दुरून चालवल्या जातात. आकडे मुख्यतः एचओ मापाचे (१:८७) आहेत. ओओ किंवा एन मापाला वेगळं काही लागत असेल तिथे तसं सांगितलं आहे. नवीन असाल तर प्रश्न क्रमानेच वाचा. बरेच जण पहिल्याच दिवशी सीव्ही (डेकोडरमध्ये साठवलेल्या, क्रमांक दिलेल्या सेटिंग्ज) बदलायला बसतात, आणि दोष निघतो चाकात किंवा रुळाच्या जोडात.

‘वेग आपोआप राखणं’ म्हणजे नक्की काय?

या नावाखाली तीन वेगवेगळी कामं येतात आणि त्यांची सतत गल्लत होते.

पहिलं काम म्हणजे चढ लागला, डबे वाढले, वळण आलं तरी मोटरचे फेरे तेवढेच ठेवणं. हे इंजिनातला डेकोडर करतो, म्हणजे रुळांतून आलेला हुकूम वाचून मोटरला वीज देणारा छोटा बोर्ड. दुसरं, थ्रॉटल (हातातलं वेगाचं बटण) एकदम फिरवला तरी गाडीने हळूहळू वेग घेणं आणि हळूहळू सोडणं. हेही डेकोडरच करतो, पण वेगळ्या सीव्हींच्या आधाराने. तिसरं, कुठे किती वेग हवा आणि सिग्नलपाशी कधी थांबायचं हे ठरवणं. ते काम रुळाचा खास तुकडा करतो, संगणक करतो किंवा माणूस करतो.

‘गाडी नीट थांबत नाही’ असं दिसलं की या तिघांपैकी कुठलं काम बिघडलंय ते आधी ओळखा. पहिलं पक्कं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका, आणि पहिली दोन पक्की झाल्याशिवाय संगणक जोडू नका. संगणक फक्त हुकूम देतो. डळमळीत इंजिन त्याच्यामुळे सुधारत नाही.

डेकोडरला वेग कळतो कसा?

डीसी मोटर फिरत असताना जनित्रासारखीही वागते. डेकोडर तिला वीज सलग देत नाही, बारीक तुकड्यांनी देतो. सेकंदाला साधारण ५० ते २०० वेळा तो पुरवठा क्षणभर पूर्ण तोडतो आणि फिरत्या मोटरने स्वतः तयार केलेलं व्होल्टेज मोजतो. याला बॅक ईएमएफ म्हणतात. मोटर जितकी जोरात फिरेल तितकं ते जास्त भरतं. हवा असलेला आकडा आणि मिळालेला आकडा यांतला फरक पाहून डेकोडर पुढचे तुकडे लांब किंवा आखूड करतो. इंजिन अगदी हळू चालवून कानाशी धरलंत तर बारीक घरघर ऐकू येते. ती या तोडजोडीचीच.

म्हणजे गाडीचा खरा वेग त्याला माहीत असतो?

नाही, आणि या पानावरची ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. त्याला फक्त मोटर किती फिरते एवढंच कळतं. चढावर चाकं जागच्या जागी फिरू लागली तरी डेकोडरच्या लेखी सगळं छान चाललेलं असतं. रबरी टायर सैल झाला, वर्म (मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गियर) शाफ्टवरून निसटला, एखादा गियर तडकून मोटरच्या दांड्यावर नुसता फिरू लागला, तरीही तेच. त्यामुळे चढावर गाडी मंदावली पण मोटरचा आवाज तसाच राहिला, तर दोष पकडीचा आहे. इंजिनात वजन वाढवा, टायर बदला, डब्यांचे आस मोकळे करा. सीव्ही बदलून इथे काहीही साधणार नाही. मोटरचा आवाजही मंदावत असेल तरच नियंत्रणाकडे वळा.

आपल्याकडचे घाट मॉडेलमध्ये उतरवणाऱ्यांना हा प्रश्न हटकून पडतो. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे मॉडेलमध्ये दर मीटरला २.७ सेंमी. नेरळ–माथेरानचा सर्वांत कडक चढ २० ला १, म्हणजे मीटरला ५ सेंमी. घाटातल्या खऱ्या मालगाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. मॉडेलमध्येही एका इंजिनाची पकड पुरत नसेल तर दुसरं इंजिन जोडणं हाच प्रामाणिक उपाय आहे.

डेकोडर बसवण्याआधी इंजिनात काय तपासायचं?

इंजिन आधी साध्या १२ व्होल्ट डीसीवर चालवून पाहा. दोन्ही दिशांना १०-१० मिनिटं फिरवा. डीसीवर अडखळणारं इंजिन डीसीसीवरही अडखळतं, फक्त कारण शोधणं कठीण होतं.

मग मोटर उघडून तिच्या टोकांना आडवा जोडलेला छोटा कपॅसिटर पाहा. जुन्या इंजिनांत रेडिओतली खरखर टाळण्यासाठी साधारण १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावलेला असतो. तो काढून टाका. डेकोडर पुरवठा तोडून मोजायला जातो तेव्हा या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज त्या मोजणीत मिसळते, आणि मग हळू वेगात इंजिन कारणाशिवाय थरथरतं.

मोटरची दोन्ही टोकं सांगाड्यापासून आणि चाकांपासून पूर्ण वेगळी आहेत का, हे मल्टिमीटरने बघा. एक ब्रश (मोटरला वीज देणारा कार्बनचा तुकडा) सांगाड्याला जोडलेला ठेवण्याची पद्धत जुन्या इंजिनांत सर्रास होती. तसंच डेकोडर जोडलात तर तो पहिल्याच सेकंदाला जळतो. त्यानंतर १२ व्होल्टवर मोटरचा दांडा एखाद-दोन सेकंद बोटांनी अडवून किती करंट ओढते ते मोजा. एचओचे नेहमीचे डेकोडर १ अँपिअरच्या आसपासचे असतात. अडवलेल्या मोटरचा करंट डेकोडरच्या मर्यादेच्या आत हवा.

शेवटी चाकं. इंजिन उलटं करून चाकांची कड पाहा. काळपट, चिकट थर नखाने खरवडून निघत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडावर चाकं फिरवा. कापड रुळांवर आडवं पसरायचं, इंजिनाच्या एका टोकाची चाकं रुळावर आणि दुसऱ्या टोकाची कापडावर ठेवायची आणि इंजिन हातात धरून अर्ध्या वेगाने चालवायचं. कापडावर दोन काळे पट्टे उमटतात. पट्टे उमटायचे थांबेपर्यंत कापड सरकवत राहा.

रुळांचा आणि वायरिंगचा वेगाशी काय संबंध?

मोठा संबंध आहे. फिशप्लेटवर (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीवर) विजेसाठी कधीही विसंबू नका. त्या रूळ सरळ रेषेत ठेवण्यासाठी असतात. टेबलाखालून २.५ चौरस मिमीची तांब्याची मुख्य वायर फिरवा (घरगुती वायरिंगची चालते) आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला ०.५ चौरस मिमीची, ३० सेंमीपेक्षा आखूड जोडवायर डाग देऊन जोडा.

तपासायच्या दोन चाचण्या आहेत. लेआउटच्या (मांडलेल्या रुळांच्या) सर्वांत लांबच्या कोपऱ्यात एक रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टाका. बूस्टरने (रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राने) तत्काळ पुरवठा तोडला पाहिजे. नाही तोडला तर वायरिंग बारीक आहे किंवा एखादा डाग कच्चा आहे, आणि गाडी घसरून शॉर्ट झाला तर डबा वितळेपर्यंत वीज वाहत राहील. दुसरी चाचणी १२ व्होल्ट २१ वॉटच्या वाहनाच्या बल्बची. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. कमांड स्टेशनजवळ (थ्रॉटलचे हुकूम रुळांत पाठवणाऱ्या यंत्राजवळ) आणि लांबच्या कोपऱ्यात तो रुळांना लावून दोन्हीकडे मल्टिमीटरच्या एसी पट्ट्यावर वाचन घ्या. साधा मल्टिमीटर डीसीसीचं व्होल्टेज अचूक दाखवत नाही, पण इथे फक्त तुलना हवी आहे. वाचनांत एका व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर जोडवायरी वाढवा.

मापातला वेग मोजायचा कसा?

सरळ रुळावर २ मीटर अंतराच्या दोन खुणा करा. इंजिन पहिल्या खुणेच्या अर्धा मीटर तरी आधी त्या वेगाला पोहोचलेलं हवं. मोबाइलच्या स्टॉपवॉचने सेकंद मोजा. एचओमध्ये ६२६ ला सेकंदांनी भागलं की मापातला ताशी किमी वेग मिळतो. ओओसाठी (१:७६.२) ५४९ ला भागा, एनसाठी (१:१६०) ११५२ ला.

म्हणजे एचओमध्ये २ मीटरला १५.७ सेकंद लागले तर वेग ४०, १०.४ सेकंद लागले तर ६० आणि ६.३ सेकंद लागले तर १००. थ्रॉटलच्या प्रत्येक पायरीवर (वेगाच्या टप्प्यावर) तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. हाताने मोजताना पाव सेकंदाची चूक सहज होते. ४० च्या वेगाला ती फारशी जाणवत नाही, पण १०० च्या वेगाला चार किमीचा फरक पडतो. वरचे वेग नीट मोजायचे असतील तर दोन इन्फ्रारेड सेन्सर आणि एक आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) पुरतो.

गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, इथे काही संबंध नाही, हे मुद्दाम सांगावं लागतं. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी आहे. ते १:८७ मध्ये १९.२६ मिमी भरतं, तर बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिमीचा असतो. मॉडेल दिसायला थोडं अरुंद चालीचं होतं, पण वेगाचं सूत्र मापावर चालतं, त्यामुळे ते तसंच वापरायचं.

वेगाच्या सीव्ही कुठल्या क्रमाने बसवायच्या?

आधी सीव्ही ३ (वेग हळूहळू घेणं) आणि सीव्ही ४ (वेग हळूहळू सोडणं) दोन्ही शून्य करा. नाहीतर थ्रॉटल हलवल्यावर दिसतो तो वेग खरा आहे की वाटेतला, ते कळत नाही. थ्रॉटल १२८ पायऱ्यांवर ठेवा.

सीव्ही २ हा सुरुवातीचा धक्का. पायरी १ वर इंजिन जेमतेम सरकायला लागेल इतकाच ठेवा. बॅक ईएमएफ असलेल्या चांगल्या डेकोडरला १ ते ३ पुरतो. इथे ८-१० पेक्षा जास्त लागत असेल तर यंत्रणा जड चालते आहे. मागे जाऊन गियरचं वंगण पाहा.

सीव्ही ५ हा कमाल वेग. पुष्कळ इंजिनं पूर्ण व्होल्टेजवर मापात ताशी २०० किमीच्या पुढे जातात, आणि ते दृश्य कुणालाच नको असतं. तुमच्या गाडीचा खरा कमाल वेग ठरवा, मालगाडीला ७५ आणि एक्सप्रेसला ११० धरा, आणि मोजत मोजत सीव्ही ५ उतरवा. यात दुसराही फायदा आहे. डेकोडर शंभर टक्के वीज देतच असेल तर चढावर वाढवायला त्याच्याकडे काही उरत नाही. कमाल वेग खाली आणला की तेवढी वीज राखीव राहते आणि चढावरही वेग टिकतो.

सीव्ही ६ मधला वेग. तो सीव्ही २ आणि ५ च्या मध्यापेक्षा थोडा खाली ठेवला की थ्रॉटलच्या पहिल्या अर्ध्या भागात बारीक हुकूमत मिळते. उदाहरणार्थ सीव्ही २ = ३, सीव्ही ५ = १३० असेल तर सीव्ही ६ = ५५. काही नव्या डेकोडरांत सीव्ही ६ नसतो. तिथे २८ आकड्यांचं वेगाचं टेबल (सीव्ही ६७ ते ९४) वापरायचं, आणि ते जिथे मुद्दाम चालू करावं लागतं तिथे सीव्ही २९ मध्ये १६ मिळवायचे. पुढे-मागे वेग वेगळा येत असेल तर सीव्ही ६६ आणि ९५ ने जुळवा.

सीव्ही २९ बद्दल आग्रहाने एक सांगतो: साध्या डीसीवर चालण्याची परवानगी, म्हणजे त्यातला ४ चा आकडा, काढून टाका. संदेशात क्षणभर बिघाड झाला तर परवानगी असलेला डेकोडर रुळावर डीसी आहे असं समजतो आणि इंजिन भरधाव सुटतं. टेबलाच्या कडेवरून पडलेल्या इंजिनांमागे हे कारण फार वेळा असतं. आखूड पत्ता (पत्ता म्हणजे इंजिनाला हुकूम देण्याचा क्रमांक) आणि २८/१२८ पायऱ्या यासाठी सीव्ही २९ = २, टेबल चालू असेल तर १८, टेबल आणि लांब पत्ता असेल तर ५०. रेलकॉम (डेकोडरने उलट माहिती पाठवण्याची सोय) वापरत असाल तर प्रत्येकात ८ मिळवा.

हळू वेगात इंजिन गचके खातं. काय करू?

आधी कपॅसिटर, चाकं आणि रूळ पुन्हा पाहा. ते ठीक असतील तर नियंत्रणाच्या आकड्यांकडे या. इथे दोन मुख्य आकडे असतात. एक ठरवतो की वेगात फरक दिसला तर किती जोराने सुधारायचं. दुसरा ठरवतो की फरक टिकून राहिला तर हळूहळू किती भर घालायची. ईएसयू, झिमो आणि लेन्झ या डेकोडर बनवणाऱ्या कंपन्या. ईएसयूच्या डेकोडरांत ते अनुक्रमे सीव्ही ५४ आणि ५५ मध्ये असतात. झिमोमध्ये दोन्ही मिळून सीव्ही ५६ मध्ये, आणि मोजणीची गती सीव्ही ९ मध्ये.

गचके कसे आहेत ते नीट बघा, कारण ते दोन प्रकारचे असतात. इंजिन जागच्या जागी भराभर थरथरत असेल, हाताला मुंग्या आल्यासारखं लागत असेल, तर पहिला आकडा जास्त आहे. ५-५ ने उतरवा. गाडी झोके घेतल्यासारखी पुढे जाते, मंदावते, पुन्हा पुढे जाते आणि एका झोक्याला अर्धा-एक सेकंद लागतो, तर दुसरा आकडा जास्त आहे. एका वेळी एकच आकडा बदला आणि पायरी १ ते ५ वर निदान एक मीटर चालवून पाहा. दोन्ही एकदम बदललेत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. प्रत्येक बदल वहीत लिहून ठेवा.

ईएसयूच्या अलीकडच्या डेकोडरांत आपोआप जुळवण्याची सोय आहे. सीव्ही ५४ मध्ये शून्य लिहायचं आणि थ्रॉटलवरचं एफ१ बटण दाबायचं. इंजिन दीड-दोन सेकंद पूर्ण वेगाने धावतं आणि स्वतःचे आकडे ठरवतं. दोन मीटर मोकळा सरळ रूळ ठेवा आणि शेवटी हात आडवा धरा. सुरुवात म्हणून हे उत्तम, पण जुन्या तीन पोलांच्या मोटरला त्यानंतर हाताने थोडं निगुतीने जुळवावंच लागतं.

कोअरलेस मोटरच्या फिरत्या भागात लोखंडी गाभा नसतो, म्हणून तो हलका असतो. ती पटकन वेग घेते आणि पटकन सोडते, म्हणून तिला सौम्य सुधारणा लागते. मोठे आकडे ठेवलेत तर ती शिट्टीसारखा आवाज करते आणि गरम होते.

सपाटीवर छान चालतं, पण उतारावरच हिसके का बसतात?

याचं कारण बहुतेक वेळा वर्ममध्ये असतं. मोटरच्या दांड्यावरचा वर्म पुढे-मागे थोडा सरकायला मोकळा असतो. सपाटीवर इंजिन गाडी ओढतं, तेव्हा वर्म एका टोकाला टेकून राहतो. उतारावर मागचे डबे इंजिनाला ढकलतात. वर्म दुसऱ्या टोकाकडे सरकतो, चाकं क्षणभर अडतात, पुन्हा सुटतात, वर्म परत सरकतो. डेकोडर त्या प्रत्येक हेलकाव्यावर सुधारणा करायला धावतो आणि हिसका आणखी वाढतो.

वर्मचं घर उघडा आणि वर्म चिमट्याने पुढे-मागे हलवून बघा. डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतका तो सरकत असेल तर टोकाला पातळ वॉशर घाला, ०.१ मिमीचे मिळाले तर उत्तम. खेळ पूर्ण मारू नका. वर्म बोटाने सहज फिरला पाहिजे, नाहीतर मोटर गरम होईल. वॉशर घातल्यावर नियंत्रणाचा जोर किंचित कमी केला की बाकीचे हिसकेही जातात.

सीव्ही ३ आणि ४ किती ठेवायचे?

मूळ मानकाप्रमाणे सीव्हीचा आकडा गुणिले ०.८९६ एवढ्या सेकंदांत इंजिन शून्यापासून कमाल वेगाला पोहोचतं. म्हणजे १० ठेवलं तर ९ सेकंद. ईएसयूच्या नव्या डेकोडरांत गुणक ०.२५ आहे. तिथे १० ठेवलं तर अडीच सेकंदच मिळतात आणि ९ सेकंदांसाठी ३६ लागतात. एका कंपनीचे आकडे दुसऱ्या कंपनीच्या डेकोडरात उतरवून ‘हा बरोबर नाही’ म्हणणाऱ्यांची अडचण इथेच असते.

प्रत्येक वेळी सिग्नलसमोर एकाच जागी गाडी थांबवता येईल का?

येते, पण नुसत्या सीव्ही ४ ने नाही. कमाल वेग सेकंदाला ३२ सेंमी (मापात ताशी १००) आणि थांबायला ९ सेकंद धरा. पूर्ण वेगाने आलेली गाडी १४४ सेंमीवर थांबते. अर्ध्या वेगाने आली तर निम्म्या वेळात, म्हणजे ३६ सेंमीवरच. वेग निम्मा, अंतर पाव. त्यामुळे हळू आलेली गाडी सिग्नलच्या मीटरभर आधीच उभी राहते.

यावर उपाय म्हणजे ठराविक अंतरात थांबण्याची सोय. ईएसयूमध्ये ती सीव्ही २५३ ते २५५ मध्ये असते, झिमोमध्ये सीव्ही १४० पासून पुढे, लेन्झमध्ये सीव्ही ५१ आणि ५२ मध्ये. डेकोडर मोटरचे फेरे मोजत राहतो आणि वेग काहीही असला तरी तेवढंच अंतर कापून थांबतो. वेगाचं मोजमाप पक्कं झालेलं असेल तरच हे जमतं.

‘आता थांब’ हा हुकूम द्यायची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे एबीसी, म्हणजे रुळांतल्या विजेच्या असमतोलावरून ब्रेक लावणं. सिग्नलआधीच्या तुकड्याचा एकच रूळ दोन्ही टोकांना कापा. त्याची वीज ३ अँपिअरच्या चार डायोडांच्या माळेतून द्या आणि त्या माळेला उलट्या दिशेने एक शॉट्की डायोड जोडा. एका दिशेला सुमारे २.८ व्होल्ट पडतात, दुसऱ्या दिशेला जेमतेम अर्धा. हा असमतोल डेकोडरला दिसला की तो ब्रेक लावतो. सिग्नल हिरवा झाला की एक स्विच किंवा रिले डायोडांना बगल देतो. कापलेला रूळ इंजिनाच्या उजव्या बाजूचा असेल तर सीव्ही २७ = १, डावा असेल तर २. उलट दिशेने येणाऱ्या गाडीला तोच असमतोल दुसऱ्या बाजूला दिसतो, म्हणून ती न थांबता जाते. एकेरी मार्गावर ही मोठी सोय आहे. सीव्ही २७ मध्ये ३ टाकलंत तर ती गमावता.

इथे नेहमी चुकतं ते असं. तुकडा थांबण्याच्या अंतरापेक्षा आखूड ठेवला जातो, आणि गाडी पलीकडच्या समतोल रुळावर जाऊन पुन्हा वेग घेते. किमान ३० सेंमी जादा ठेवा. किंवा गाडी भलत्याच ठिकाणी मंदावते, कारण दुसऱ्या तुकड्यात गाडी आहे का ते ओळखणाऱ्या सर्किटच्या पट्टीतले डायोड सारखे नसतात. तेव्हा संवेदनशीलता (ईएसयू आणि झिमो दोन्हींत सीव्ही १३४) जुळवावी लागते.

दोन इंजिनं जोडली की एकमेकांशी भांडतात. का?

प्रत्येक डेकोडर आपापल्या मोटरचे फेरे हट्टाने राखतो. एक जरा वेगवान असेल तर ते ओढतं, दुसरं अडवतं, आणि दोन्ही गरम होतात. आधी मंद इंजिन निवडा आणि दुसऱ्याला त्याच्याशी जुळवा. एका मोठ्या गोलाकारावर दोन्ही एकमेकांपासून हातभर अंतरावर, एकाच पत्त्यावर चालवा. फेरीअखेर अंतर बदललं असेल तर वेगवान इंजिनाच्या टेबलात सुधारणा करा. कमी, मध्यम आणि कमाल अशा तीन वेगांना हे करा. कमी वेगातली जुळणी सर्वांत महत्त्वाची, कारण गाडी सुटताना सगळा ताण तिथेच असतो. त्यानंतर दोघांच्या नियंत्रणाचा जोर थोडा कमी करा. सीव्ही ३ आणि ४ चा परिणामही दोघांत सारखा येऊ द्या. गट करताना उलट्या तोंडाच्या इंजिनाला सीव्ही १९ मध्ये गटाच्या आकड्यात १२८ मिळवून लिहायचं.

संगणकाने चालवायचं तर कमीत कमी काय लागतं?

आर्डुइनो मेगा, त्यावर मोटर शील्ड (रुळांना वीज देणारा जोडबोर्ड), त्याला कमांड स्टेशन बनवणारं डीसीसी-ईएक्स हे मोफत सॉफ्टवेअर आणि संगणकावर गाड्या चालवणारं जेएमआरआय हे सॉफ्टवेअर. रुळांसाठी १४-१५ व्होल्टचा वेगळा पुरवठा द्या आणि आर्डुइनोला स्वतंत्र ७ ते ९ व्होल्ट. शील्डच्या खालच्या बाजूचा ‘व्हीइन कनेक्ट’ जोड कापल्याशिवाय १५ व्होल्ट लावू नका. तो आर्डुइनोत शिरतो आणि बोर्ड जातो. शील्डची एक वाहिनी २ अँपिअरपर्यंतची आहे, म्हणजे दोन-तीन एचओ इंजिनांपुरती.

जेएमआरआयमध्ये प्रत्येक इंजिनाची स्पीड प्रोफाइल भरा, म्हणजे कुठल्या पायरीवर सेकंदाला किती मिमी. त्यावरून तो अंतर मोजून गाडी थांबवतो. गाडी कुठल्या तुकड्यात आहे हे करंट ओळखणाऱ्या पट्टीवरून कळतं. करंट इंजिन ओढतं, डबे नाही. म्हणून शेवटच्या डब्याच्या एका आसाच्या दोन चाकांमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर बसवा. तो नसेल तर गाडीची शेपटी तुकड्यात राहूनही तुकडा मोकळा दिसतो आणि मागची गाडी येऊन आदळते.

संगणक जोडला की सीव्ही ३ आणि ४ अगदी कमी करा. वेग हळूहळू उतरवण्याचं काम आता संगणक करतो. डेकोडरही तेच करू लागला तर दोन्हींची बेरीज होऊन गाडी सिग्नल ओलांडते. उशीरही धरावा लागतो. ओळखीला पाव सेकंद लागला तर सेकंदाला ३२ सेंमी जाणारी गाडी ८ सेंमी पुढे गेलेली असते. दोन-तीन सेंमीच्या आत थांबवायची असेल तर थांबण्याच्या जागेपाशी वेगळा इन्फ्रारेड सेन्सर लावा.

मोबाइलचा संपर्क तुटला तर गाडी चालूच राहते का?

थ्रॉटलच्या ॲपवर आणि कमांड स्टेशनवर ते अवलंबून असतं. वाय-फायवर चालणारी थ्रॉटल ॲप ठराविक वेळाने ‘मी आहे’ असा संदेश पाठवतात आणि तो साधारण १० सेकंद आला नाही की कमांड स्टेशन ती गाडी थांबवतं. ही सोय चालू आहे का ते तपासा. गाडी हळू चालवून मोबाइलचं वाय-फाय बंद करा आणि सेकंद मोजा. दहा सेकंदांत ताशी १०० ची गाडी तीन मीटरच्या वर जाते, म्हणून आणीबाणीचं एक बटण तारेने जोडलेलं हवंच.

इंजिनात वीज साठवणारा कीप-अलाइव्ह कपॅसिटर असेल तर रुळांची वीज तोडल्यावरही ते काही काळ धावतं. ईएसयूमध्ये हा काळ सीव्ही ११३ ठरवतो, दर एककाला सुमारे ३३ मिलिसेकंद. ३० ठेवलं तर एक सेकंद. घाणेरड्या सांध्यावरून जायला अर्धा सेकंदही पुष्कळ होतो, त्याहून जास्त ठेवू नका.

पावसाळ्यात काय वेगळं करायचं?

कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत निकेल सिल्व्हरच्या रुळावरही थर लवकर चढतो. पितळी आणि लोखंडी रूळ तर आठवड्यात काळवंडतात. चालवण्याआधी अल्कोहोलने पुसा. खरखरीत कागद वापरू नका, त्याच्या ओरखड्यांत घाण आणखी धरून बसते. प्लायवूड ओलावा धरून फुगतं, त्यामुळे रुळाच्या जोडांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवा.

खऱ्या रेल्वेत हेच तत्त्व असतं का?

मुळाशी तेच. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात रिओ टिंटोच्या ‘ऑटोहॉल’ गाड्या चालकाशिवाय लोहखनिज वाहतात. जुलै २०१८ मध्ये त्यातली पहिली भरलेली गाडी सुमारे २८,००० टन माल घेऊन २८० किमी गेली. आपल्याकडचं ‘कवच’ वेगळ्या कामाचं आहे. चालक वेगमर्यादा किंवा धोक्याचा सिग्नल ओलांडू लागला तर ते ब्रेक लावतं, गाडी स्वतः चालवत नाही. चालता लेआउट कधी पाहिलाच नसेल तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे तासभर उभं राहून गाड्या सुटताना आणि थांबताना पाहा.

सगळं जुळवूनही सकाळी वेग वेगळा आणि संध्याकाळी वेगळा का येतो?

थंड मोटर आणि घट्ट वंगण यामुळे. १० मिनिटं चालल्यावर गियर मोकळे होतात आणि इंजिन आपल्या नेहमीच्या वेगाला येतं. म्हणून मोजमाप नेहमी दोन्ही दिशांना १०-१० मिनिटं चालवल्यावरच घ्या, आणि प्रदर्शनाच्या दिवशी पहिली फेरी पाहुणे यायच्या आधी करा. झिमोच्या डेकोडरात सीव्ही ५७ मध्ये १२० लिहिलंत तर तो रुळावरच्या व्होल्टेजऐवजी १२ व्होल्ट आधार धरतो, आणि दुसऱ्या गाड्या सुटल्यावर व्होल्टेज थोडं पडलं तरी वेग बदलत नाही. फरक तरीही राहिला तर ब्रश पाहा. झिजून दोन-अडीच मिमी उरलेला कार्बन थंड असताना अडखळतो आणि तापल्यावर चालतो. नवीन जोडी बसवा, अर्धा तास मध्यम वेगाने फिरवून तिला मोटरवर बसू द्या, आणि मग सीव्ही २ पासून पुन्हा मोजा.